घरातले कोळी आणि परसातले किडे : कोणाला राहू द्यावे, कोणापासून जपावे?

ओसरीवरून

नवरात्र जवळ आले की घरातली जळमटे काढण्याचे काम निघते आणि त्याबरोबर आमच्याकडे दरवर्षीचा वादही निघतो. सासूबाईंचे म्हणणे असे, की घट बसण्यापूर्वी घरात एकही कोळी दिसता कामा नये. लेकाचे म्हणणे असे, की कोळी झुरळे आणि डास खातात, तेव्हा त्यांना हुसकावणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे. दोघांचेही थोडेथोडे पटते. पण दोघेही सगळ्या कोळ्यांना एकाच न्यायाने वागवतात, ते पटत नाही.

आमचे घर साताऱ्याजवळ, बैठे आणि कौलारू. मागे आंबा-पेरूचे परस आणि कडेला जळणाची रास. त्यामुळे अशा पाहुण्यांना तोटा नाही. न्हाणीघरात तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी भिंतीला चिकटून बसलेला असतो. त्याचे जाळे कधी दिसत नाही आणि दिवा लावला की तो तिरका पळतो. माळ्याच्या कोपऱ्यांत अतिशय लांब आणि बारीक पायांचे कोळी उलटे लोंबकळतात, आणि झाडू लागताच सर्वांग इतक्या वेगाने थरथरवतात की त्यांची आकृतीच पुसट होते. खिडकीच्या गजांवर नखाएवढे, उड्या मारणारे कोळी असतात, जे आपल्याकडे वळून बघत आहेत असे वाटत राहते. पावसाळ्याच्या अखेरीस पेरूच्या फांद्यांमध्ये मोठी गोल जाळी लागतात. त्यांच्या मध्यावर पांढऱ्या धाग्यांची फुली असते आणि त्या फुलीवर पट्ट्यापट्ट्यांची मादी डोके खाली करून बसलेली असते. याखेरीज गोमा, वाणी, कुंभारमाशीची मातीची घरे आणि जळणाखाली अधूनमधून विंचू.

माझा प्रश्न साधा आहे. ज्यांची भीती वाटते त्यांत खरोखर धोक्याचे कोण, आणि ज्यांच्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाही त्यांत कोणाकडे लक्ष द्यायला हवे? माझा कयास असा, की जो प्राणी आकाराने मोठा त्याला आपण विषारी समजतो आणि खरा त्रास देणारे बहुतेक लहान असतात. हा कयास जाणकारांनी तपासावा. ‘सगळे मारा’ किंवा ‘काहीच मारू नका’ अशी सरसकट उत्तरे कृपया देऊ नयेत. ती माझ्या घरातच उपलब्ध आहेत.

सह्यकडा

ताई, कयास बराचसा बरोबर आहे, निदान कोळ्यांपुरता तरी.

न्हाणीघरातला तो चपटा कोळी म्हणजे हेटेरोपोडा व्हेनेटोरिया, अर्थात शिकारी कोळी. जीवशास्त्रज्ञ लिनियसने १७६७ मध्ये त्याचे नामकरण केले. मूळचा आशियातला हा कोळी जहाजांतून, विशेषतः केळ्यांच्या घडांबरोबर, जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरला. पायांसह त्याचा पसारा दहा सेंटिमीटरच्या आसपास भरतो, त्यामुळे तो दिसला की घरात आरडाओरडा होतो. पण त्याचे सगळे लक्ष झुरळांवर असते. तो जाळे विणून वाट पाहत नाही, रात्री भिंतीवर दबा धरून झडप घालतो. त्याचे पाय खेकड्याप्रमाणे बाजूंना वळलेले असतात, म्हणून तो तिरका पळतो आणि म्हणूनच कपाटामागच्या बोटभर फटीतही सहज मावतो. हाताने दाबला किंवा पकडला तर चावतो, ते दुखते, थोडी सूज येते आणि उतरते. माणसाला अपाय करण्याएवढे त्याचे विष नाही. नर मादीजवळ पाय कंपित करून हलका गुंजारव करतो, ही त्याच्याबद्दलची मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. आमच्या घरात मात्र या माहितीने कोणाचेही मतपरिवर्तन झालेले नाही.

माळ्यावरचे लांब पायांचे कोळी फोल्सिडी कुळातले आहेत. आपल्याकडच्या घरांत त्यांतली क्रॉसोप्रायझा ल्योनी ही जात फार आढळते. तिच्या पोटाचा मागचा भाग चौकोनी, टोक वर आलेला असा असतो. या कोळ्यांचे विष जगात सर्वांत जहाल असते, फक्त त्यांचे दात आपल्या कातडीत शिरत नाहीत म्हणून आपण वाचतो, अशी एक कथा फिरत असते. ती निराधार आहे. त्यांचे विष सौम्य आहे. ते थरथरतात ते शत्रूला नेमके लक्ष्य सापडू नये म्हणून. त्यांची मादी अंडी पिशवीत टाकून निघून जात नाही, तर मोजक्या धाग्यांनी बांधलेला अंड्यांचा घोस जबड्यात धरून पिल्ले बाहेर येईपर्यंत लटकत राहते. हे कोळी डास तर खातातच, शिवाय इतर कोळीही खातात.

पेरूवरची फुलीवाली मादी आर्जिओपी गटातली. ती फुली कशासाठी, यावर अभ्यासकांत मोठी चर्चा आहे: कोणी म्हणतात तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या अतिनील किरणांमुळे कीटक ओढले जातात, कोणी म्हणतात पक्ष्यांना जाळे दिसावे आणि त्यांनी ते मोडू नये म्हणून. तिला हात लावण्याचे काही कारणच नाही. परसातल्या माश्या, नाकतोडे ती आवरते.

आणखी एक. मेलेल्या कोळ्याचे पाय नेहमी आत का मुडपलेले असतात, असे लेकाला विचारून पाहा. कोळ्याच्या पायांच्या मुख्य सांध्यांत पाय मिटणारे स्नायू असतात, पण उघडणारे नसतात. पाय ताठ करण्यासाठी तो शरीरातला द्रव दाबाने पायांत ढकलतो. जेसीबीचा दांडा ज्या तत्त्वावर वर उचलला जातो तेच हे तत्त्व. जीव गेला की दाब जातो आणि पाय मिटतात.

निशिगंध

खिडकीवरच्या उड्या मारणाऱ्या कोळ्यांबद्दल लिहिते, कारण ठाण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तेवढेच उरले आहेत.

ते आपल्याकडे वळून पाहतात हा भास नाही. या साल्टिसिडी कुळातल्या कोळ्यांची दृष्टी कोळ्यांमध्ये सर्वांत तीक्ष्ण मानली जाते. आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे डोळे तपशील टिपतात आणि बाकीचे सहा आजूबाजूची हालचाल पकडतात. बाजूला काही हलले की कोळी अंग वळवून मोठ्या डोळ्यांनी त्याची पाहणी करतो. बोट हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या, तो सोबत फिरेल. उडी मारण्यापूर्वी तो धागा चिकटवून ठेवतो, त्यामुळे नेम चुकला तरी खाली पडत नाही. भिंतीवर करड्या रंगाचा चपटा दिसला तर तो बहुधा मेनेमेरस बायव्हिटॅटस असतो, आणि काळ्या-पांढऱ्या ठळक पट्ट्यांचा नर दिसला तर प्लेक्सिपस पेकुली.

मुंबई-ठाण्याच्या लोकांना एक गोष्ट ठाऊक असावी असे वाटते. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या अशाच एका उडी मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या जातीचे वर्णन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अभ्यासकांनी तिला आयसियस तुकारामी हे नाव दिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ गोळ्या झेलत कसाबला धरून ठेवणारे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ हे नाव आहे. इमारती उठत असलेल्या इतक्या गजबजलेल्या पट्ट्यात विज्ञानाला अज्ञात असलेली जात मिळते, याचा अर्थ आपण आजूबाजूला फारसे पाहिलेलेच नाही. माझ्या खिडकीतला कोळी सामान्यच आहे, पण तेव्हापासून झाडू मारण्याआधी मी त्याला बाजूला सारते.

चर्मचिकित्सक

मी त्वचारोगांवर उपचार करतो. या चर्चेच्या मूळ प्रश्नाला धरून एक मुद्दा मांडणे आवश्यक वाटते, कारण पावसाळा सरताना माझ्याकडे येणाऱ्या अनेकांचे पहिले वाक्य ‘डॉक्टर, अंगावर कोळी मुतला’ असे असते.

मान, चेहरा, दंड किंवा मांडीवर सकाळी अचानक लाल पट्टा उठतो, आग होते, दुसऱ्या दिवशी त्यावर बारीक पुळ्या येतात. पाहणाऱ्याला चाबकाचा फटका बसला असावा असे वाटते. घरच्यांनी आदल्या रात्री भिंतीवर कोळी पाहिलेला असतो, त्यामुळे निदान घरीच होते. कोळ्याचा यात काही संबंध नसतो. बहुतेक वेळा दोषी असतो पीडेरस नावाचा एक लहानसा भुंगा. लांबी सात ते दहा मिलिमीटर, डोके आणि शेपटीचे टोक काळे, मधला भाग नारिंगी-तांबडा, पाठीवर तोकडे निळसर-काळे पंख. लोक त्याला मुंगी समजतात. भाताची खाचरे, कालवे, ओलसर गवत येथे तो वाढतो आणि पावसाच्या अखेरीस दिव्याकडे येतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. त्याच्या शरीरातील द्रवात पीडेरिन हे दाहक रसायन असते, आणि तेही तो भुंगा स्वतः तयार करत नाही. त्याच्या शरीरात राहणारे जीवाणू तयार करतात. मानेवर बसलेला किडा आपण झोपेत चिरडतो आणि बोटाने ओढतो, तेव्हा ते रसायन रेषेत पसरते. म्हणून पट्टा लांबट असतो. कोपराच्या घडीत लागले तर समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना एकसारखे डाग उठतात. २०२२ मध्ये सिक्कीम आणि उत्तर बंगालमध्ये ‘नैरोबी माशी’ म्हणून ज्याच्या बातम्या आल्या तो याच गटातला भुंगा.

उपाय सोपा आहे. अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा किंवा कागदावर घेऊन टाका. चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबण आणि पाण्याने धुवा, हात डोळ्यांना लावू नका. उंबराचा चीक, चुना, हळदीचा गरम लेप हे प्रकार करू नयेत. मूळ दाहापेक्षा त्यांनीच कातडी जास्त बिघडलेली मी पाहतो.

दुसरी शक्यता अधिक गंभीर आहे, ती नागिणीची. अंगाच्या एकाच बाजूला, कमरेभोवती किंवा छातीवर पट्ट्याने फोड येतात आणि फोड येण्याच्या आधीपासून त्या भागात ठणका असतो. हा कांजिण्यांचाच विषाणू, वर्षानुवर्षे मज्जातंतूत दडून पुन्हा डोके वर काढतो. यावरचे औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाले तर लाभ सर्वाधिक असतो. ‘कोळी मुतला’ म्हणून चार दिवस मंत्र आणि लेप यांत गेले की ती वेळ निघून जाते आणि वयस्कर माणसांच्या मागे महिनोन्महिने टिकणारी वेदना लागते. कोळ्यावरचा हा आळ मला त्या कारणासाठी निरुपद्रवी वाटत नाही.

परखड

वाचून ज्ञानात भर पडली, पण व्यवहाराचे कोणी बोलत नाही. जळमटांनी भरलेले घर घाणेरडे दिसते, यात शास्त्र आणण्याची गरज नाही. कोळी झुरळे खातो म्हणून कोळी पाळायचा, मग कोळ्यासाठी झुरळे पाळायची, याला अंत कुठे? मी वर्षातून दोनदा फवारणी करून घेतो, घर स्वच्छ असते आणि कोणाच्याही विषाचा अभ्यास करावा लागत नाही. शिवाय घरात तान्हे मूल आहे. गोम कानात गेली तर काय करायचे, हे कोणी सांगेल का?

सह्यकडा

परखड, जळमटे जरूर काढावीत. कोपऱ्यात लोंबणारी काळपट जाळी बहुतेक सोडून दिलेली असतात. कोळी पुढच्या कोपऱ्यात गेलेला असतो आणि मागच्या धाग्यांवर धूळ व स्वयंपाकघरातले तेलकट कण बसत राहतात. ती काढल्याने कोणाचेही नुकसान होत नाही. कोळी दिसला तर काठीच्या झाडूवर घेऊन परसात झटकावा, इतकेच. सासूबाई आणि लेक या दोघांनाही हे मान्य व्हावे.

फवारणीबद्दल मात्र तुमचा हिशेब उलटा आहे. भिंतीच्या कडेने मारलेले औषध झुरळाच्या पोटाला, मिशांना लागते आणि मिशा साफ करताना ते त्याच्या तोंडात जाते. कोळी पायांच्या टोकांवर, अंग उचलून चालतो आणि तशी साफसफाई करत नाही, त्यामुळे जमिनीवरच्या औषधाचा त्याच्यावर परिणाम बेताचाच होतो. थेट अंगावर मारले तरच तो मरतो. त्यापेक्षा झुरळांसाठी बिजागऱ्यांच्या आणि नळाखालच्या फटींत जेलचे ठिपके लावावेत; रांगत्या मुलाचा हात तेथे पोहोचत नाही आणि हवेत काही पसरत नाही. झुरळे घटली की शिकारी कोळी आपण होऊन घटतो. तुमच्या प्रश्नाचा अंत तेथे आहे.

गोमेचे म्हणाल तर ती कानात घर करते ही समजूतच आहे. झोपलेल्या माणसाच्या कानात शिरण्यात झुरळाचा क्रमांक तिच्या फार वर लागतो. काहीही शिरले तरी काडी किंवा पिन घालू नये. खोबरेल तेलाचे काही थेंब सोडून किड्याची वळवळ थांबवावी आणि तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा. कानाचा पडदा फाटलेला असेल किंवा कान वाहत असेल तर तेलही घालू नये.

तळकोकण

आतापर्यंत निरुपद्रवी मंडळींची वकिली झाली. आता ज्यांच्यापासून खरोखर जपावे अशांविषयी लिहितो. योगायोग असा, की कोळी, विंचू, गोचीड आणि माईट नावाचे अगदी बारीक जीव हे सगळे एकाच आठ पायांच्या वर्गातले. आणि या वर्गात भीतीचा मान कोळ्याला मिळतो, तर माणसाचे नुकसान करण्याचे काम उरलेले तिघे करतात.

आमच्या सिंधुदुर्गात आणि वर रायगडापर्यंत लाल विंचवाला सगळे ओळखून आहेत. काळा, जाडजूड, मोठ्या नांग्यांचा विंचू पाहून लोक घाबरतात, पण त्याच्या दंशाने बहुधा वेदनाच होतात. लहानखुरा, तांबूस, बारीक नांग्यांचा हॉटेंटोटा टॅम्युलस मात्र प्राण घेऊ शकतो. ओकाऱ्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे, लहान मुलांत धाप लागणे ही लक्षणे दिसली की वेळ दवडू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध या दंशावर वापरून कोकणातले मृत्यू कमालीचे खाली आणले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याआधी २०११ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत प्राझोसिनबरोबर विंचूप्रतिविष दिल्यास रुग्ण आणखी लवकर सावरतो असे दिसले. हे औषध ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोहोचलेले आहे. तेव्हा मांत्रिकाकडे जाण्याआधी तेथे जावे. ओसरीताई, तुमच्या जळणाच्या राशीबाबत एक सूचना: अतिनील प्रकाशाची लहान विजेरी मिळते, तिच्या उजेडात विंचवाचे अंग हिरवट-निळे चमकते. रात्री रास आणि चिऱ्यांचा ढीग एकदा त्या उजेडात पाहून घ्या. उंबऱ्याबाहेरची पादत्राणे झटकून घालण्याची सवय तर सर्वांनाच हवी.

गोचिडाविषयी. दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये आणि नंतर बांदा परिसरात माकडतापाचे रुग्ण सापडले. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात १९५७ साली ओळखला गेलेला हा विषाणू जंगलातल्या गोचिडांमधून माणसात शिरतो. हंगाम साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा, म्हणजे नेमका काजूचा. बागेत मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नये आणि आरोग्य केंद्राला कळवावे. पालापाचोळ्यात काम करून आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, कपडे वेगळे आणि काखा, गुडघ्यामागचा खोलगट भाग तपासणे हे आमच्याकडे आता अंगवळणी पडले आहे. ज्या किड्यासाठी हे सगळे करावे लागते तो तिळाहून लहान असतो आणि त्याला पाहून कोणी किंचाळलेले मी ऐकले नाही.

घोणीबद्दल एवढेच, की मोठी घोण चावली तर असह्य ठणका लागतो, पण जीव सहसा जात नाही. वाणी बिचारा कोणाच्या अध्यात ना मध्यात, कुजका पाला खातो. मुलांनी तो हातात घेतला तर हात धुवावेत, कारण अंगातून सोडलेल्या द्रवाने कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि डोळ्यात गेल्यास चुरचुरते.

माळरान

तळकोकणकरांच्या यादीत विदर्भाची भर घालतो. नागपूर भागात २०१८ मध्ये स्क्रब टायफसची साथ आली होती. गवतातल्या माईटच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पिल्लांकडून तो रोग होतो, आणि चावल्या जागी पुष्कळदा जळल्यासारखी काळी खपली धरते. पावसाळ्यात गवतात काम केल्यानंतर ताप आला आणि अशी खपली आढळली तर ती डॉक्टरांना आवर्जून दाखवावी, कारण डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळाले की हा ताप लवकर उतरतो.

याच माईटचा एक भाऊबंद मात्र आपल्या सगळ्यांच्या बालपणातला आहे. सात-आठ जूनच्या सुमारास मृग लागतो, पहिला पाऊस पडतो आणि ओल्या मातीवर लालभडक मखमली मृगाचा किडा फिरू लागतो. तो कीटक नाही, आठ पाय मोजता येतात. त्याची पिल्ले नाकतोड्यांच्या अंगावर चिकटून वाढतात आणि मोठेपणी तो मातीतली किड्यांची अंडी खातो. त्याला काड्यापेटीत कोंडण्याचा खेळ आमच्या पिढीने फार खेळला. आताच्या पोरांना तो नुसता दाखवावा. नांगराखालची आणि औषधाखालची जमीन वाढली तशी आमच्या शिवारात तो बांधाच्या कडेलाच दिसतो.

ओसरीताईंनी कुंभारमाशीचा उल्लेख केला आणि कोणी तिच्याकडे वळले नाही, याचे आश्चर्य वाटले, कारण तिचा आणि घरातल्या कोळ्यांचा व्यवहार थेट आहे. बारीक कमरेची, काळी-पिवळी स्केलिफ्रॉन माशी डबक्याकाठचा चिखल आणून भिंतीवर, चौकटीत, प्लगच्या भोकात लांबट खोल्या बांधते. प्रत्येक खोलीत ती बरेच कोळी कोंबते, त्यांतल्या एकावर अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. कोळी मेलेले नसतात, डंखाने लुळे झालेले असतात. त्यामुळे अळीला शेवटपर्यंत ताजे अन्न मिळते. ती स्वतः फुलांतला मध पिते. जुने, भोक पडलेले घर फोडून पाहिले तर आत कोळ्यांचे पाय आणि अळीच्या कोषाचे पापुद्रे सापडतात. रिकाम्या घरांत निळ्याशार रंगाची कॅलिबियन माशी पुन्हा बिऱ्हाड करते आणि तीही कोळीच भरते.

आपल्या परंपरेतल्या कीटभ्रमरन्यायात किडा माशीच्या ध्यासाने माशी होतो. कोंडला गेला किडा आणि बाहेर आली माशी, एवढे निरीक्षण पूर्वजांनी अचूक केले होते. मधल्या काळात बंद खोलीत काय घडले ते दिसत नसल्यामुळे त्याचा अर्थ भक्तीकडे वळला. दृष्टान्त म्हणून मला तो आजही सुंदर वाटतो. घर फोडून पाहणाऱ्या पोराला मात्र खरे सांगावे. ही माशी गांधीलमाशीप्रमाणे कळपाने चाल करून येत नाही. एकटी असते, दाबली तरच डंख मारते. प्लगमधले तिचे घर आधी वीज बंद करून काढावे.

माळावर आमच्याकडे बाभळी-बोरींवर राखाडी, गुंतागुंतीची मोठी जाळी दिसतात, ती स्टेगोडायफस सारासिनोरम या कोळ्याची. कोळी एकमेकांना खातात अशी त्यांची ख्याती असताना हे कोळी मोठ्या संख्येने एकत्र राहतात, शिकार मिळून ओढतात आणि पिल्लेही मिळून वाढवतात. शेवटी पिल्ले आपल्या आईलाच खाऊन मोठी होतात. गुरे राखताना तासन्‌तास पाहण्यासारखा प्रकार आहे. याने कोणाला चावल्याचे आमच्या गावात ऐकिवात नाही.

सिडनीकर

मूळची पुण्याची, आता येथे स्थायिक. येथे शिकारी कोळी भारतातल्यापेक्षाही मोठे असतात आणि मोटारीत उन्हापासून डोळे झाकण्याच्या पट्टीमागून बाहेर येतात. तेव्हा धोका कोळ्यापासून नसतो, चालकाच्या दचकण्यापासून असतो. खरा धोकादायक तो सिडनी फनेल-वेब, विशेषतः उन्हाळ्यात मादीच्या शोधात भटकणारा नर. पण त्याच्यावरचे प्रतिविष १९८१ मध्ये आले आणि त्यानंतर त्याच्या चाव्याने कोणी दगावल्याची नोंद नाही. एक निरीक्षण मांडते: भारतातले नातलग मला ऑस्ट्रेलियातल्या आणि अमेरिकेतल्या विषारी कोळ्यांची छायाचित्रे पाठवतात आणि त्याखाली ‘आपल्या घरातही असू शकतो’ असे लिहिलेले असते. फनेल-वेब ऑस्ट्रेलियाबाहेर नाही, आणि अमेरिकेचा ब्राउन रिक्लूज हा तिकडच्या मध्य व दक्षिण भागातला रहिवासी आहे. ती भीती आयात करण्याचे कारण नाही. पादत्राणे झटकण्याचा सल्ला मात्र दोन्ही देशांत लागू आहे.

परखड

जेलचा मुद्दा मान्य. फवारणीवाल्याला या खेपेस थांबवले आहे. झुरळे आटोक्यात राहिली नाहीत तर येथेच येऊन सांगेन. पीडेरस भुंग्याचे वर्णन वाचल्यावर गॅलरीत पाहिले तर दिव्याखाली तसलेच दोन फिरत होते. रात्री तो दिवा बंद ठेवायचा की पिवळा लावायचा?

चर्मचिकित्सक

झोपण्याच्या वेळी बंद ठेवणे सर्वांत चांगले. लागणारच असेल तर पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा लावावा, त्याकडे किडे कमी येतात. खिडक्यांच्या जाळीची छिद्रे बारीक हवीत, आणि तान्ह्या मुलाला मच्छरदाणीत निजवावे. अंथरूण-उशी झटकून घ्यावी. दिव्याखालच्या भिंतीला टेकून झोपू नये.

ओसरीवरून

सर्वांचे आभार. सासूबाईंना डॉक्टरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्यांच्या माहेरी दोघांना ‘कोळी मुतलेला’ होता. त्यांतल्या एकाचे दुखणे वर्षभर गेले नव्हते, आणि ती नागीण असावी असे त्यांनी स्वतःच म्हटले. जळमटे काढायची, कोळी परसात सोडायचे आणि जळणाची रास घरापासून लांब हलवायची, एवढ्यावर घरात एकमत झाले आहे. राहिला एकच प्रश्न. देवघराच्या तसबिरीमागे न्हाणीघरातलीच मोठी मादी बसली आहे आणि पोटाखाली तिने पांढरी, रुपयाच्या नाण्यासारखी चपटी चकती धरली आहे. घट तेथेच बसायचे आहेत. तिला हलवले तर ती अंडी टाकून देईल का?

सह्यकडा

ती चकती म्हणजे अंड्यांची पिशवी. आत शंभराहून अधिक अंडी असू शकतात. मादी ती तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांनी धरून सगळीकडे नेते, त्यामुळे अलगद हलवली तर सहसा टाकत नाही. झाडू वापरू नका. मोठ्या तोंडाची प्लास्टिकची बरणी तिच्यावर हळूच पालथी घाला, भिंत आणि बरणी यांमधून जाड पुठ्ठा सरकवा आणि रात्री, मुंग्यांचा वावर नसलेल्या जागी, गोठ्याच्या किंवा पडवीच्या आडोशाला बरणी आडवी ठेवून पुठ्ठा काढा. अंडी बाळगणारी मादी एरवीपेक्षा लवकर चवताळते, म्हणून हे काम लेकाने एकट्याने करू नये आणि हात उघडे ठेवू नयेत. पिल्ले निघाल्यावर ती धाग्यांवर वाऱ्याने विखुरतात, एका जागी राहत नाहीत, त्यामुळे गोठा कोळ्यांनी भरून जाईल ही काळजी करू नका. आणि तसबीर परत लावताना तिच्या वरच्या कडेला कापसाची पट्टी चिकटवा. फट बुजली की पुढच्या वर्षी तेथे कोणी बसणार नाही.